मुहूर्ताचा नग

विष्णुपंत खांबेटे कुरिअरच्या पावतीवरसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नाहीत. पूर्वी कुरिअरवाला स्कूटर चालू ठेवून गेटवर उभा, डोक्यावर ऊन, आणि हे चष्मा पुसून पावतीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायचे. "यात लिहिलंय, माल सुस्थितीत मिळाला. मी तर अजून खोका उघडलेला नाही." कुरिअरवाला माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मी दुसरीकडे. तीस वर्षं हे बघतोय आणि तीस वर्षं माझं डोकं फिरतंय. या माणसाबद्दल लिहायचं तर चिडूनच लिहावं लागेल मला. कारण त्याचं जे काही वाटोळं झालं ते माझ्या हातून झालं, आणि त्याने मला एक शिवी दिली नाही.

मी हिंदुराव जगदाळे, मूळचा साताऱ्याकडचा. अंबरनाथच्या एमआयडीसीत इंटरकॉम आणि वायरलेस सेट बनवणारी एक कंपनी होती. मी असेंब्लीला होतो, पंत तपासणीला. आम्ही त्यांना पाठीमागे 'रिजेक्ट पंत' म्हणायचो. एका दिवाळीत ट्रक दाराशी लागलेला असताना त्यांनी आठशे सेट परत पाठवले. कारण काय, तर आतल्या एका स्क्रूखाली वॉशर नव्हता. सेट उत्तम चालत होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही बारा जण वॉशर घालत बसलो. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. तेराव्या स्टुलावर बसून ते स्वतःही वॉशर घालत होते, हे मात्र मी घरी कुणाला सांगितलं नाही.

कंपनी बंद पडली. मी उल्हासनगरला पाच नंबर कॅम्पात एक गाळा घेतला आणि इमर्जन्सी लाइट, चार्जर असलं काय काय जोडायला लागलो. पंत बदलापूरला, खरवईच्या नव्या वस्तीत पाचव्या मजल्यावर राहायला गेले आणि छोट्या कारखान्यांना सरकारी मान्यतेचे कागद करून देऊ लागले. कागद खांबेट्यांनी केलाय म्हटलं की समोरचा पुढचं विचारत नसे. मूलबाळ नव्हतं. नवराबायको दोघं, आणि कपाटात फायली.

मग कुमुदिनीवहिनींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण आवाज शेजारच्या खोलीत पोचेना. एकदा पंत सिलेंडर घ्यायला खाली उतरले आणि लिफ्टमध्ये अडकले. सुटून वर जाईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ वहिनी हाका मारत होत्या. पलंगावरून अर्ध्या खाली घसरलेल्या, आणि घशातून नुसती हवा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पंत माझ्या गाळ्यावर हजर. दाढीसुद्धा केली नव्हती.

"हिंदुराव, मला एक घंटी करून द्या. तिने दाबली की माझ्या मनगटावर थरथरली पाहिजे. मी गेटवर असलो तरी."

"पंत, बाजारात शंभर घंट्या मिळतात."

"सगळ्या आणून बघितल्या. एकीचं बटण तिच्या बोटांनी दबत नाही. दुसरी खालच्या मजल्यावर गेलं की मुकी होते. तारेची लावली तर तिच्या खणखणाटाने कुमुदचंच अंग ताठ होतं. डॉक्टरांनी ती काढायला लावली."

मग आम्ही दोघं कामाला लागलो. बिनतारी वस्तूतला रेडिओचा भाग हल्ली तयार मिळतो. नखाएवढी पट्टी, वर पत्र्याची टोपी आणि टोपीवर मान्यतेचा नंबर. त्याला मॉड्यूल म्हणतात. ते सरकारदरबारी आधीच पास झालेलं असतं. मी म्हटलं, वा, म्हणजे आपल्याला कागदाची कटकट नाही. पंतांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. हे बघणं मला कंपनीपासून ठाऊक आहे.

"लायसनवाला ड्रायव्हर ठेवला म्हणून गाडीचं पासिंग होत नाही, हिंदुराव. हे मॉड्यूल त्याच्या स्वतःच्या अँटेनासकट पास झालंय. तो अँटेना ठेवला तर त्याचे कागद आपल्या कामाला येतील. अँटेना बदलला की आपला अख्खा नग लॅबमध्ये तपासून घ्यायचा."

पहिला नग दसऱ्याच्या आदल्या दिवशी तयार झाला. आमच्या कंपनीत एक रीत होती. कोणताही नवा माल निघाला की त्यातला पहिला नग विकायचा नाही. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचं, आणि त्या मालाच्या पहिल्या मोठ्या कामाला तोच पाठवायचा. टेंडरचा नमुना असो, नाहीतर साहेबांना दाखवायचा असो, मुहूर्ताचा नग. आमच्या हाताला ते वळणच पडलेलं. माझ्या गाळ्यातही पंतांनी त्या घंटीला हात जोडले, वहिनींच्या नावाने एक फूल वाहिलं. मला बरं वाटलं.

पण त्या नगात मॉड्यूलचाच चिमुकला अँटेना होता, आणि पंतांच्या घरी तो स्वयंपाकघरापर्यंतही धड पोचेना. तीनदा दाबावं तेव्हा एकदा मनगट हलायचं. मी तसल्याच दुसऱ्या डब्यात आतल्या भिंतीला चिकटवून मोठा अँटेना बसवला. आता घंटी थेट गेटवर पोचली, पुढच्या औषधाच्या दुकानापर्यंत पोचली. बाहेरून दोन्ही नग सारखेच दिसत. पंत म्हणाले, "आता हाच लॅबला जायचा. मोठ्या अँटेनाचा."

मी हो म्हटलं. ऐकलं होतं मी, नीट ऐकलं होतं.

नमुना पाठवायच्या दिवशी वहिनींना न्यूमोनियाने दवाखान्यात हलवलं. पंत तिकडे होते. मी गाळ्यात एकटा, टेबलावर दोन्ही नग. आणि माझा हात मुहूर्ताच्या नगाकडे गेला. मला वाटलं, पहिलं मोठं काम आहे, शकुनाचा आहे, हाच जाऊ दे. घंटी तीच, मॉड्यूल तेच, आत एक अँटेना इकडचा तिकडे, त्याने काय आभाळ कोसळतंय! फडक्याने कुंकू पुसलं आणि खोका बंद केला. माझ्या मनात कपट नव्हतं. कपट असतं तर बरं झालं असतं, निदान मी कुठेतरी घाबरलो असतो.

नग पास झाला. होणारच होता. मी तो रिपोर्ट आणि प्रतिज्ञापत्र घेऊन दवाखान्यात गेलो. वहिनी तोवर अतिदक्षता विभागात गेल्या होत्या आणि पंत बाहेरच्या बाकावर दोन रात्री बसलेले. विकायचा प्रत्येक नग तपासलेल्या नमुन्यासारखाच आहे, असं त्या कागदावर तपासनीस म्हणून पंतांनी लिहून द्यायचं होतं. पंतांनी रिपोर्ट हातात घेतला, दोन पानं उलटली, मग काचेच्या दाराकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "पंत, करा सही. मी बघितलंय सगळं."

आणि त्यांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा न वाचता केली, माझ्या शब्दावर केली.

वहिनी वाचल्या. घरी आल्या, त्यांच्या डाव्या हातात घंटी आली, आणि पुढचे चार महिने मी पंतांना जितकं खुशीत बघितलं तितकं कधीच नाही. गेट, समोरचा वाणी, औषधाचं दुकान, एवढं जग त्यांना परत मिळालं. वाण्याशी बोलता बोलता मनगट थरथरलं की "आलो हं" म्हणून रस्त्यातच मोठ्याने बोलायचे आणि निघायचे. वहिनीही खट्याळ. कधी नुसतंच दाबायच्या. धापा टाकत वर गेलं की म्हणायच्या, "काही नाही. बघत होते."

बदलापूर पूर्वेच्या एका वृद्धाश्रमाने चाळीस खाटांना आमच्या घंट्या लावल्या. तिथल्या व्यवस्थापक वैदेहीताई एकदा म्हणाल्या, मान्यतेचे कागद द्या, ऑफिसात फाइलला लावते. पंतांनी त्या निमित्ताने रिपोर्ट काढला आणि सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून वाचायला बसले.

लॅबवाले नमुना उघडून आतले फोटो काढतात आणि रिपोर्टात छापतात. सतराव्या पानावर तो फोटो होता. डब्याच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक लाल डाग, मी पुसूनही उरलेला. आणि मोठा अँटेना नाही. खाली स्वच्छ लिहिलेलं, अँटेना मॉड्यूलचाच.

पंत रिक्षा करून गाळ्यावर आले. पान माझ्यापुढे ठेवलं. आवाज चढवला नाही.

"मुहूर्ताचा गेला होता?"

"पंत, चुकलं. पण कुणाच्या बापाला कळणार नाहीये. चार महिने झाले, एक तक्रार नाही. कोण येतंय बघायला?"

"मी बघितलं ना."

"अहो, पण घंटी वाईट आहे का?"

"माहीत नाही. तपासलीच नाही आपण. मी मात्र तपासली म्हणून लिहून दिलंय."

मी त्यांच्या पाया पडलो, खोटं कशाला सांगू. ते मागे सरकले. त्याच दिवशी त्यांनी मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याला पत्र लिहिलं, "नमुना चुकीचा गेला, जबाबदारी माझी, प्रतिज्ञापत्र मागे घेतो." माझं नाव कुठेही नव्हतं. मी म्हटलं, चूक माझी आहे, माझं नाव घाला. तर म्हणाले, "सही कुणाची आहे?" इतकी तिडीक गेली माझ्या डोक्यात, की टेबलावरचा सोल्डरचा रीळ मी भिंतीवर फेकून मारला.

घंट्या काढायला आम्ही दोघंच आश्रमात गेलो. पंत प्रत्येक खाटेपाशी उभे राहून सांगत, "तपासणी राहिलीय, करून परत आणतो." बनूबाई नावाची एक आजी होती, कर्जतकडच्या गावातली. तिने घंटी छातीशी धरली.

"म्या मोडली का काय वो तुमची? जास्त दाबली का?"

"नाही हो आजी. चूक आमचीच."

"मंग नेता कशाला?"

पंतांनी तिची बोटं एकेक करून सोडवली. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

परत येताना मी म्हटलं, "घरातली तरी राहू द्या. वहिनींचं काय?"

"चाळीस जणांच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या घरी ठेवू? कोणत्या तोंडाने?"

मला तेव्हा हा माणूस दगड वाटला. आजही कधीकधी वाटतो.

घरच्या घंटीतलं मॉड्यूल त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. पण वहिनी रिकामा डबाही सोडेनात. काढू गेलं की रडायच्या. पंतांचा जीव तुटला आणि त्यांनी तो तसाच त्यांच्या हातात राहू दिला. म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, नवा रिपोर्ट आला की आत मॉड्यूल घालू. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

महिन्या-दोन महिन्यांचे आठ झाले. मोठ्या अँटेनाचा नग लॅबमध्ये नापास झाला. आमची घंटी ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त जोराच्या लहरी सोडत होती. म्हणजे पंतांची शंका खरी होती, हे कबूल करताना माझी मान खाली गेली. जोर कमी केला, तर त्या लहरी तिसऱ्या मजल्याखाली उतरेनात. दुसरा अँटेना लावला, तो पास होता होता राहिला. तिसरा लावला, तोवर मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीने ते मॉड्यूल बंद करून नवं काढलं. टोपी तशीच दिसायची, पण नंबर वेगळा. म्हणजे पहिल्यापासून सगळे कागद पुन्हा. मी लॅबच्या खेपा घालत होतो. पंतांकडे आता दुसऱ्या कुणाचं काम येत नव्हतं. ज्याने स्वतःचंच प्रतिज्ञापत्र मागे घेतलं त्याच्याकडून कागद कोण करून घेईल? खरं तर त्यानंतर त्याच्याकडूनच करून घ्यायला हवेत, पण जगाची रीत वेगळी आहे.

घरी ते एकटे. सकाळी खरवई गावातली चिमी दोन तास येऊन वहिनींची अंघोळ उरकून जायची. बाकी सगळं पंत. कुकर लावायला स्वयंपाकघरात, कपडे धुवायला मोरीत, दूध-भाजीला खाली. घाईघाईने करायचे, पण माणूस किती धावणार? चौसष्ट वर्षांचं वय. मी कधी गेलो तर बघायचो, वहिनींचा अंगठा त्या रिकाम्या डब्यावर दाबत असायचा. मऊ रबराचं बटण आत जायचं, बाहेर यायचं. मग दाराकडे बघत राहायच्या. सुरुवातीला खूप वेळ बघायच्या. पुढे पुढे कमी. एकदा गेलो तर अंगठा नुसता बटणावर ठेवलेला दिसला आणि नजर पंख्याकडे. मी ते बघितलं आणि पंतांना बोललो नाही. कागद येईल, मग सगळं ठीक होईल, असंच मी स्वतःला सांगत होतो.

कागद आला. आठव्या महिन्यात, एका मंगळवारी. पंतांनी सगळी पानं दोनदा वाचली, आतल्या फोटोवर भिंग धरलं, हातातला नग उघडून शेजारी ठेवला, आणि मग सही केली. मी पेढे घेऊन गेलो होतो. आश्रमाला फोन केला, तर वैदेहीताई म्हणाल्या, "आता नको काका. आम्ही प्रत्येक खाटेला शिट्टी बांधलीय." बनूबाईंची चौकशी केली. ती आजी पावसाळ्यातच गेली होती.

वहिनींच्या हातातला जुना डबा काढून पंतांनी नवी घंटी ठेवली. वहिनींनी विरोध केला नाही, रडल्याही नाहीत. पंतांनी मनगटाला पट्टा बांधला. म्हणाले, "कुमुद, आता खरी आहे हं. मी आणि हिंदुराव खाली जातोय. तुला काहीही लागलं की दाब. नुसती गंमत म्हणून दाबलीस तरी चालेल."

आम्ही गेटवर उभे राहिलो. पंत मनगट छातीशी धरून उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वॉचमन येऊन विचारून गेला, कुणाची वाट बघताय? मी म्हटलं, "पंत, रेंजचं काही असेल." ते म्हणाले, "पास झालेली आहे." पंधरा मिनिटं झाली तेव्हा ते अचानक जिन्याकडे धावले. लिफ्टसाठी थांबलेही नाहीत. या वयात पाच मजले. मी मागोमाग.

वहिनी उशीवरून घसरून पलंगाच्या कठड्याला लागल्या होत्या. मान वाकडी, अंथरूण ओलं. घंटी हातातच होती, अंगठा बटणावर. पंतांनी त्यांना सरळ केलं, मान उशीवर ठेवली, चादर बदलायला घेतली. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

"कुमुद, अगं दाबली का नाहीस?"

वहिनींना शब्द जुळवायला वेळ लागतो. "दाबून... कोण येतं?"

"मी येतो ना. मी आलो असतो गं."

"नाही येत," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. दूधवाला आज आला नाही असं सांगावं, तसं सांगितलं.

पंतांनी त्यांचा अंगठा आपल्या हातात धरून बटणावर दाबला. त्यांच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. इतका, की मला खिडकीपाशी ऐकू आला. "हे बघ! बघ, आली. बघ कुमुद." त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा आली. वहिनी त्यांच्याकडे बघून थोड्या हसल्या, त्यांना वाईट वाटू नये म्हणून हसल्या, आणि हात हळूच पांघरुणात ओढून घेतला. मला रडू आवरलं नाही. या माणसाच्या खऱ्याखोट्याचा हिशेब मला लागत नाही. पण त्या बाईला हाक मारायचं बंद कुणी करायला लावलं, हे मला ठाऊक आहे, आणि ते कुठल्याच रिपोर्टात येणार नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलंय. पंत घंटी रोज चार्ज करतात आणि वहिनींच्या हातात देतात. ती एकदाही वाजलेली नाही. ते आता खाली जातच नाहीत, भाजी दूध मीच आणून देतो. दर दहा मिनिटांनी उठून ते पलंगापाशी जातात, वाकून विचारतात, "काही हवंय का गं?" वहिनी नाही म्हणतात.